रामबागेतील शेवंती: रात्रीचा उजेड, खुडलेले शेंडे आणि अडलेल्या कळ्या

इंदूरच्या रामबाग परिसरातील एका मराठी कुटुंबात मार्गशीर्षातील गुरुवारच्या पूजेसाठी घरचीच शेवंती वापरण्याचा प्रघात आहे. त्यासाठी आजी-आजोबांनी चोवीस कुंड्या जोपासल्या आहेत. त्यांपैकी चौदा पहिल्या मजल्यावरील, रस्त्याकडे तोंड असलेल्या आणि काचेची सरकती तावदाने लावून बंद केलेल्या गॅलरीत असतात, आणि दहा घरामागच्या चौकात. ज्या वर्षाचे हे प्रकरण आहे, त्या वर्षी चौकातल्या कुंड्या नोव्हेंबरच्या अखेरीस फुलांनी भरल्या. गॅलरीतली झाडे मात्र डिसेंबर उजाडला तरी हिरवीगार, कमरेएवढी उंच आणि फुलांवाचून उभी होती. दोन्हीकडची झाडे एकाच वाफ्यातल्या काश्यांपासून, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांपासून, केलेली होती. माती, शेणखत, निंबोळी पेंड आणि पाणी घालणारे हातही तेच होते. पिवळी, पांढरी आणि जांभळी अशा तिन्ही जाती दोन्ही ठिकाणी होत्या, त्यामुळे जातीचा दोष म्हणून विषय संपवता येत नव्हता.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो हे ठाऊक असल्याने त्यांनी मला झाडे पाहायला बोलावले. त्याआधीच घरात तीन निदाने झाली होती. आजींचा रोख आजोबांकडे होता. त्यांनी गॅलरीतल्या झाडांचे शेंडे दसऱ्यापर्यंत खुडले होते आणि चौकातल्यांचे मात्र ऑगस्टमध्येच थांबवले होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरणे जमेनासे झाले होते. “अहो, आता पुरे करा, असं मी दर आठवड्याला सांगत होते,” असे आजी म्हणाल्या. सूनबाईंना खत कमी पडल्याचा संशय होता, म्हणून त्यांनी स्फुरदाची मात्रा वाढवली होती. नातवाने तर बंद खोलीत झाडे फुलवण्याचे एक सूत्र वाचून गॅलरीच्या छताला झाडांसाठीचा दिवा बसवला होता. तो सकाळी सहाला लागे आणि संध्याकाळी सहाला आपोआप विझे. बारा तास प्रकाश, बारा तास अंधार.

खताचा मुद्दा लगेच निकालात काढता येत होता. पाने गडद, रुंद आणि निरोगी होती, खोड जाड होते, मुळे कुंडीच्या भोकातून पांढरीशुभ्र डोकावत होती. उपाशी झाड असे दिसत नाही. राहिले दोन संशयित, शेंडा आणि प्रकाश. आणि या घरात ते एकमेकांत असे गुंतले होते की वरवर पाहून कोणताही एक दोषी ठरवता आला असता. ज्या झाडांचे शेंडे उशिरापर्यंत खुडले गेले, नेमकी तीच झाडे रस्त्याच्या बाजूला होती.

नातवाचे सूत्र चुकीचे नव्हते. ते मुळात भांगेच्या झाडाच्या बंदिस्त लागवडीतून आलेले आहे. जिथे अशी लागवड परवान्याने होते, तिथे झाड वाढवायचे असेल तेव्हा अठरा तास प्रकाश व सहा तास अंधार देतात आणि फुलवायचे असेल तेव्हा बारा-बारा तासांवर आणतात. (आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली ते झाड घरात लावणे गुन्हा आहे, हे त्या मुलाला सांगायला हवे होते आणि मी सांगितले; त्याच्या मनात तसले काही नव्हते.) शेवंती आणि भांग या अगदी वेगळ्या कुळांतल्या वनस्पती, पण दोघी लहान दिवसाच्या, म्हणजे दिवस लहान आणि रात्र लांब झाली की फुलणाऱ्या. हा गुणधर्म ज्या प्रयोगांतून प्रथम दिसू लागला, त्यांतही भांगेचेच झाड होते. फ्रान्सच्या ज्युलियन टूर्न्वा यांनी हॉप ही वेल आणि भांग यांची रोपे दिवसाचे मोजकेच तास उजेडात ठेवली, तेव्हा ती वेळेआधी फुलली; ही निरीक्षणे १९१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९२० मध्ये अमेरिकेच्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवर काम करून दिवसाची लांबी फुलोरा ठरवते हे नियम म्हणून मांडले. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूसारखी काटेरी फळे धरणाऱ्या झँथियम या तणावर प्रयोग करून दाखवले की झाडाच्या दृष्टीने महत्त्वाची असते ती सलग रात्र. दिवसामध्ये थोडा वेळ अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तर फुलोरा थांबतो.

हे समजले की गॅलरीतली गोष्ट उलगडायला लागते. नातवाचा दिवा सहाला विझत होता, आणि हिवाळ्यात त्याच सुमारास तावदानाबाहेरचा रस्त्यावरचा दिवा लागत होता. बारा तास अंधार फक्त यंत्राच्या घड्याळात होता. पानांवर तो कधी पडतच नव्हता.

तरीही हा तर्कच होता. तर्काला पुरावा झाडांनीच दिला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

गॅलरीच्या टोकाला एक कुंडी अशी होती की आजोबांचा हात तिथवर पोहोचत नसे. तिचा शेंडा कधीच खुडला गेला नव्हता. उशिरा खुडण्यामुळे फुले अडली असतील तर निदान हे झाड तरी फुलायला हवे होते. ते फुलले नव्हते, पण रिकामेही नव्हते. मुख्य खोडाच्या टोकाशी मिरीच्या दाण्याएवढी, टणक, हिरवी अशी एकच कळी होती. तिच्या लगेच खालची चार-पाच पाने नेहमीच्या शेवंतीच्या पानांसारखी खाचांची नव्हती, तर अरुंद, लांबट आणि जवळजवळ सरळ कडांची होती. त्या पानांच्या बेचक्यांतून कोवळे फुटवे कळीला बाजूला सारून वर निघाले होते. या अडलेल्या कळीला ‘मुकुट कळी’ म्हणता येईल. ती पाहिली की निम्मे निदान होते, कारण ती सांगते की झाडाने फुलायला सुरुवात केली होती आणि नंतर त्याला थांबवले गेले. शेवंतीच्या अनेक व्यापारी जातींत कळीचा आरंभ होण्यासाठी दिवस साधारण साडेचौदा तासांहून लहान असला तरी पुरतो, पण ती कळी पुढे वाढून उमलण्यासाठी तो सुमारे साडेतेरा तासांहून लहान असावा लागतो. या दोन मर्यादांच्या मध्ये किंवा सीमेवर अडकलेले झाड कळी धरते, पण तिला पुढे नेऊ शकत नाही, आणि पुन्हा पानांकडे वळते.

दुसरा पुरावा चौकात सापडला. ऑगस्टनंतर आजोबा खाली उतरले नाहीत हे खरे, पण दिवाळीच्या सुमारास घरच्या मोलकरणीने चौक झाडताना एका कुंडीतले वाकलेले शेंडे मोडून टाकले होते. म्हणजे ही कुंडी गॅलरीतल्या झाडांहूनही उशिरा खुडली गेली होती. डिसेंबरमध्ये तिच्यावर फुले नव्हती. मात्र प्रत्येक नव्या फांदीच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्यांचा घोस होता आणि त्या कळ्यांखालची पाने नेहमीसारखी खाचांची होती. हे झाड मागे पडले होते, अडले नव्हते. मागे पडणे आणि अडणे यांतला हा फरक डोळ्यांनी दिसतो, आणि माझ्या मते घरी शेवंती लावणाऱ्या प्रत्येकाने तो ओळखायला शिकावे.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका होता. गॅलरीच्या मधोमध एक रुंद खांब आहे. त्याच्या आडोशाला असलेल्या पिवळ्या शेवंतीच्या कुंडीवर रात्री खांबाची सावली तिरपी पडे, इतकी की झाडाचा डावा भाग अंधारात आणि उजवा भाग दिव्यात राही. त्या एकाच झाडाच्या डाव्या फांद्यांवर रंग दिसू लागलेल्या कळ्या होत्या. उजव्या फांद्यांवर फक्त पाने. मूळ एक, माती एक, खत एक, खुडणाराही एकच. आजोबांनी चष्मा पुसून ते झाड पुन्हा पाहिले आणि आजींना हाक मारली.

एकाच झाडात असे दोन भाग का पडतात, याचे उत्तर शेवंतीवरच्या संशोधनात आहे. रशियात मिखाईल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवर प्रयोग करून दाखवले की दिवस-रात्रीची जाणीव पानांना होते आणि तिथून फुलण्याचा संदेश शेंड्याकडे जातो. शेंडा कोणत्या प्रकाशात आहे याला महत्त्व नसते. जपानमधल्या संशोधकांनी रानशेवंतीच्या एका जातीवर काम करून २०१३ मध्ये आणखी एक बाब उघड केली. रात्रीत व्यत्यय आला तर पाने फुलण्याचा संदेश तर बनवत नाहीतच, शिवाय त्याला विरोध करणारे वेगळे प्रथिन बनवतात. म्हणजे उजेडातली पाने शेजारच्या शेंड्यांना सक्रियपणे रोखून धरतात. खांबाच्या सावलीतल्या फांद्यांना आपल्या पानांचा होकार मिळाला, उजेडातल्यांना नकार.

इंदूरच्या दिवसाचा हिशेबही येथे पाहिला पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांतले वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान पावणेअकरा तासांच्या आसपास. त्यात दोन्ही संध्यांचा अंधूक उजेड झाड काही प्रमाणात दिवसातच धरते. म्हणजे आपल्याकडे शेवंतीला रोखून धरण्याइतका मोठा दिवस जेमतेम मे ते जुलैमध्येच असतो, आणि त्या काळात उष्णताही तिला मागे ओढते. सप्टेंबरच्या मध्यापासून माळव्यातली कोणतीही शेवंती, तिला खरी रात्र मिळाली तर, फुलाकडे वळायला मोकळी असते. म्हणूनच इथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाड पानांवरच राहिले तर कृत्रिम उजेडाचा संशय आधी घ्यावा.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड एवढा पुरेसा असतो का, हा प्रश्न सूनबाईंनी विचारला आणि तो योग्यच होता. उन्हाळ्यातल्या भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्ससुद्धा नसतो. फुलशेती करणारे शेवंतीला मुद्दाम रोखून धरण्यासाठी मध्यरात्रीच्या सुमारास साधारण चार तास शंभर लक्सच्या आसपास उजेड देतात. गॅलरीतल्या पुढच्या रांगेत मोबाइलच्या मापकाने तीस ते चाळीस लक्स दाखवले. हे मापन ढोबळ असते, पण अंदाजाला पुरते. उजेड कमी असला तरी तो चार तासांचा नव्हता, तर संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचा होता. शिवाय पानांतला फायटोक्रोम हा रंगद्रव्यरूपी प्रथिन-संवेदक तांबड्या प्रकाशाला फार हळवा असतो, आणि पांढऱ्या एलईडीच्या उजेडात तांबडा भागही बऱ्यापैकी असतो. त्या गॅलरीत रात्री वर्तमानपत्राचे मथळे सहज वाचता येत होते. एवढी खूण पुरेशी आहे. जिथे मथळे वाचता येतात तिथे शेवंतीला रात्र झालेली नसते, असे धरून चालावे.

मग आधीच्या वर्षांत तीच गॅलरी का फुलत होती? रस्त्यावरचा दिवा तर जुनाच होता. याचे उत्तर आजोबांनी स्वतःच दिले. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब आणि गॅलरी यांच्या मध्ये एक कडुलिंब आहे. पावसाळ्यापूर्वी तारांना लागतात म्हणून त्याच्या रस्त्याकडच्या फांद्या उतरवल्या गेल्या होत्या. इतकी वर्षे तो कडुलिंबच या शेवंतीला रात्र पुरवत होता. गॅलरीतल्या फुलांवर परिणाम करणारी खरी छाटणी कुंडीबाहेर झाली होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते.

याचा अर्थ खुडणे निर्दोष होते असा नाही. शेवंतीचा शेंडा काढला की त्यातून खाली वाहणारा ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाचा प्रवाह तुटतो आणि पानांच्या बेचक्यांतले झोपलेले डोळे जागे होतात. एका फांदीच्या तीन-चार होतात, झाड बुटके व डेरेदार बनते, फुलांची संख्या वाढते. पण प्रत्येक नव्या फुटव्याला फूल धरण्याआधी काही पाने काढावी लागतात. शेवटच्या खुडण्यापासून फुले येईपर्यंत जातीनुसार साधारण अडीच ते तीन महिने हातात असावेत. मार्गशीर्षात फुले हवी असतील तर मध्य-ऑगस्टनंतर शेंड्याला नख लावू नये. सप्टेंबरात रात्री लांबू लागल्यावर खुडलेल्या शेंड्यात बहुधा डोळ्यांना न दिसणारी कळी आधीच बसलेली असते. खुडणारा पाने खुडतो आहे असे समजतो आणि फूल तोडून टाकतो. आजोबांनी दसऱ्यापर्यंत खुडल्याने गॅलरीची शेवंती, रात्री काळोखात असती तरीही, पौषाच्या आधी फुलली नसती. त्यामुळे आजींचा आक्षेप अर्धा खरा होता. फुले उशिरा येण्याचे कारण खुडणे झाले असते; फुले मुळीच न येण्याचे कारण दिवा होता.

उपाय त्याच हिवाळ्यात करून पाहिला. गॅलरीतल्या चार कुंड्या चौकात हलवल्या. चार कुंड्यांवर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून रोज संध्याकाळी सहाला दुपदरी काळे सुती कापड टाकायचे आणि सकाळी आठला काढायचे असे ठरले. प्लास्टिक मुद्दाम टाळले, कारण त्याखाली ओल साचून पानांवर बुरशी येते. बाकीच्या कुंड्या जागच्या जागी राहिल्या. नातवाचा दिवा काढून घेतला. कापड टाकण्याचे काम त्याने अंगावर घेतले आणि ते नेटाने केले. या उपायात एखाददुसरी रात्र चुकली तर झाड थोडे मागे पडते, पण आठवड्यात दोन-तीन रात्री चुकू लागल्या तर सगळी मेहनत वाया जाते.

परिणाम दिसायला वेळ लागला. जानेवारीत इंदूरच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, आणि एवढ्या थंडीत शेवंतीची कळी धिम्या गतीने घडते. चौकात हलवलेल्या आणि कापडाखालच्या अशा आठही झाडांवर जानेवारीच्या अखेरीस खाचांच्या पानांवर बसलेल्या खऱ्या कळ्या दिसल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी फुले उमलली. ती नेहमीपेक्षा लहान होती, आणि मार्चच्या उन्हाने फार दिवस टिकू दिली नाहीत. जागच्या जागी ठेवलेल्या कुंड्यांपैकी खांबामागचे झाड सोडले, तर एकाही झाडाने पूर्ण फूल दिले नाही. आजींनी ती उशिराची फुले देवाला वाहिली. मार्गशीर्ष गेला, निदान शंका तरी गेली, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे समाधान पाहून मलाही मनापासून बरे वाटले.

पुढच्या वर्षाची आखणी मग कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली. फुले संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडे जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटायची. बुडाशी फुटलेल्या काश्या वेगळ्या करून सावलीत उन्हाळा काढायचा. पावसाच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत लावताना माळव्याची काळी माती एकटी वापरायची नाही. तिच्यात वाळू आणि शेणखत मिसळायचे, नाहीतर जुलैत मुळे कुजतात. रोप वीतभर झाले की पहिला शेंडा खुडायचा, त्याचे फुटवे चार-पाच पानांचे झाले की दुसरा, आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले की खुडणे बंद. पांढऱ्या मोठ्या फुलांच्या जातीवर एक वेगळे काम असते. प्रत्येक फांदीवर टोकाची एकच कळी ठेवून बाजूच्या कळ्या हरभऱ्याएवढ्या होण्याआधी अंगठ्याने काढाव्या लागतात. हे काम ऑक्टोबरमध्ये करावे, त्याने फूल मोठे होते आणि उशीर होत नाही. पिवळ्या गुच्छाच्या जातीला मात्र कळ्या काढण्याची गरज नसते. तिथे उलट फक्त मधली, सर्वांत आधी आलेली कळी काढली तर बाकीच्या एकदम उमलतात.

ऑगस्टच्या अखेरीस बहुतेक कुंड्या चौकात गेल्या. गॅलरीत चार ठेवल्या, आणि त्यासाठी आजींना राजी करावे लागले, कारण झाड मुद्दाम बिघडू देणे त्यांना पटत नव्हते. दोन कुंड्यांच्या बाजूच्या तावदानाला आतून गडद रंगाचा जाड पडदा लावला, दोन उघड्या ठेवल्या. चौघींचेही शेंडे १५ ऑगस्टलाच थांबवले होते, म्हणजे या वेळी खुडण्याची सबब उरली नव्हती. चौकातल्या झाडांवर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कळ्या दिसल्या आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रंग आला. पडद्यामागच्या दोन झाडांनी त्यांच्यापाठोपाठ सुमारे आठवड्याच्या अंतराने फुले दिली. पडद्याच्या कडेने थोडा उजेड झिरपत असावा. उघड्या दोघींपैकी जांभळ्या जातीने पुन्हा ती टणक मुकुट कळी आणि अरुंद पाने दाखवली. पिवळीने मात्र खूप उशिरा का होईना, मोजकी फुले दिली. रात्रीच्या उजेडाला सगळ्या जाती सारख्या हळव्या नसतात हे त्यातून त्या घरापुरते नीट दिसले, आणि रस्त्याकडच्या बाजूला यापुढे पिवळीच ठेवायची असे ठरले.

दिवाळीतल्या आकाशकंदिलाची चिंता आजींनी बोलून दाखवली होती, कारण तो नेमका कळ्या भरण्याच्या दिवसांत गॅलरीत लागतो. कागदातून गाळून येणारा तो उजेड मंद असतो आणि मोजके दिवसच असतो. कुंड्या त्याच्यापासून दोन-तीन हात दूर ठेवल्या आणि झोपण्यापूर्वी तो विझवला, तर चिंतेचे कारण नाही. गॅलरीतला घरचा दिवा मात्र सप्टेंबरपासून रात्री साडेआठनंतर बंद ठेवायला सांगितले आहे, आणि आजोबांनी वाचनाची खुर्ची आत हलवली आहे. कडुलिंबाला रस्त्याच्या बाजूने नवे फुटवे आले आहेत. ते दाट होऊन दिव्याच्या आड येईपर्यंत पडदा लागेल, आणि दर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला गॅलरीत वर्तमानपत्राचा मथळा वाचून पाहण्याचे काम नातवाकडे दिले आहे.